घाटात बंद पडते, थोडं थांबलं की चालू: जुन्या पिकअपचं दुखणं पकडायचं कसं?

प्रश्न: नमस्कार. माझ्याकडे २००८ ची डिझेल पिकअप आहे, साध्या पंपाची, सेन्सर-कॉम्प्युटर काही नाही. सीझनला हापूसच्या पेट्या घेऊन फोंडा घाटातून कोल्हापूर मार्केटला जातो आणि बाकी वर्षभर बंदरावरून मासळीचे क्रेट मारतो. दिवाळीपासून गाडी मध्येच बंद पडायला लागलीय. बहुतेक वेळा घाट चढताना माल भरलेला असताना, पण एकदा तळेबाजारजवळ सपाट रस्त्यावर पण पडली. पंधरा-वीस मिनिटं थांबून सेल मारला की पहिल्या झटक्यात चालू, जसं काही झालंच नाही. कधी कधी आठ-दहा दिवस काहीच त्रास नसतो. गॅरेजला नेली, तासभर चालू ठेवली, तिथे पडत नाही. डिझेल फिल्टर बदलला, नोझल काढून टेस्ट करून बसवले, फीड पंपाचं किट टाकलं, तरी तेच. आता सांगतायत डिझेल पंप उतरवून ओव्हरहॉल करा, २०-२५ हजार खर्च येईल. मार्चला पेट्या जोरात सुरू होणार, घाटात माल घेऊन अडकलो तर आंबा तापतो, भाव जातो. पंप करून घेऊ का?
— एक वाचक, जामसंडे, ता. देवगड

उत्तर: नका करून घेऊ. कधीच नको असं नाही म्हणत, पण तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून आत्ता पंप उतरवायचं काही कारण मला दिसत नाही. तुमच्याच पत्रात बघा ना, झिजलेला पंप रोज झिजलेला असतो, तो आठ दिवस बरा आणि नवव्या दिवशी आजारी असं करत नाही. पंप आतून गेला की गाडी सगळीकडेच ओढायला कमी पडते, आणि बहुतेक वेळा इंजिन गरम असताना बंद केलं की परत लवकर घेत नाही. तुमची तर पंधरा-वीस मिनिटांत, म्हणजे इंजिन चांगलं गरम असतानाच, पहिल्या सेलला चालू होते. म्हणजे डिझेल पोचलं की पंप आपलं काम करतोय. शोधायचं आहे ते एवढंच, की बंद पडते त्या क्षणाला पंपापर्यंत काय पोचत नाही, डिझेल की करंट.

आणि हे गॅरेजमध्ये दिसणार नाही, कारण तिथे गाडी आयडलला उभी असते, तासाला जेमतेम लिटरभर डिझेल पिते, वायरींना हादरे नाहीत, इंजिनवर लोड नाही, मग बिघाड येणार कुठून. मिस्त्रीसमोर बरी गाडी उभी केलीत तर तोही अंदाजानेच पार्ट बदलणार, त्याला बोल लावून उपयोग नाही. अधूनमधून येणारा बिघाड तो चालू असतानाच पकडावा लागतो आणि त्या वेळेला गाडीजवळ तुम्ही असता. म्हणून निम्मं काम तुमचंच आहे, आणि ते तुम्ही नक्की करू शकता.

एक छोटी वही डॅशबोर्डवर टाका. गाडी पडली की लगेच लिहायचं: टाकीत डिझेल किती होतं, माल किती होता, किती वेळ सलग चालली होती, पाऊस होता का, टेंपरेचरचा काटा कुठे होता, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती बंद कशी पडली. हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही आणि मला तेच सगळ्यात जास्त हवंय. चावी फिरवल्यासारखी एकदम गप्प झाली, की आधी पिकअप कमी झाला, ॲक्सिलेटर दाबून पण घेईना, झटके मारले आणि मग धापा टाकत बंद झाली? एकदम गप्प झाली तर नव्वद टक्के करंटचं काम आहे. धापा टाकत गेली तर डिझेल कमी पडतंय किंवा लाइन एअर घेतेय, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरतेय.

साध्या पंपाच्या डिझेल इंजिनला एकदा चालू झाल्यावर करंट लागतो तो फक्त एका ठिकाणी, पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला. चावी ऑन केली की त्याला बारा व्होल्ट मिळतात, आतला प्लंजर मागे सरकतो, डिझेलचा रस्ता मोकळा होतो. करंट गेला की रस्ता बंद, इंजिन बंद. तुमच्या गाडीला बंद करायला ओढायची दांडी असेल, म्हणजे वायर ओढून बंद करता तशी, तर करंटचा संशय सोडूनच द्या, तसल्या गाडीची बॅटरीची वायर निघाली तरी इंजिन चालत राहतं. पण चावीने बंद होत असेल तर सोलेनॉइड आहे, आणि हा सोलेनॉइड इंजिनला चिकटून बसलेला असल्यामुळे भरपूर तापतो. जुन्या सोलेनॉइडची कॉइल गरम झाली की आतून तुटते, थंड झाली की परत जुळते. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की चालू, हे त्याच्याशी अगदी जुळतं.

पण तुमच्या डिझेल टाकीशी पण ते तेवढंच जुळतं, म्हणून अंदाज नको. टाकीत जो पाइप सोडलेला असतो त्याच्या टोकाला जाळी असते. सोळा-सतरा वर्षांच्या टाकीत गंजाचा भुगा, चिखल, कधी कॅनमधून डिझेल ओतताना गेलेला प्लास्टिकचा तुकडा, चिंधी असलं काय काय असतं. घाटात माल भरून चढताना डिझेल जोरात खेचलं जातं आणि हा कचरा जाळीला जाऊन चिकटतो, इंजिन उपाशी पडतं आणि बंद होतं. बंद झाल्यावर खेच थांबते, कचरा सुटून खाली बसतो आणि थोड्या वेळाने गाडी एकदम चांगली. त्याचाच भाऊ म्हणजे टाकीच्या झाकणाचा किंवा ब्रीदरचा बुजलेला श्वास. डिझेल बाहेर जातंय पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, टाकीत व्हॅक्यूम होतो आणि फीड पंपाला डिझेल ओढवत नाही. धूळ, तेल आणि कुंभारणीचं घर एवढं पुरतं त्या बारक्या नळीला.

मग करंट की डिझेल, या दोघांतलं कोण हे ठरवायला मी सांगतो ते करा, खर्च शंभर रुपयाच्या आसपास. पाच वॅटचा बारा व्होल्टचा बल्ब होल्डरसकट घ्या. सोलेनॉइडच्या टर्मिनलवरून एक वायर काढा, तिला सुरुवातीलाच दोन-तीन अँपिअरचा फ्यूज टाका, इंजिनच्या गरम भागापासून लांबून फिरवून केबिनमध्ये आणा आणि बल्ब डॅशबोर्डवर नजरेसमोर टेपने चिकटवा. बल्बची दुसरी वायर सरळ बॅटरीच्या मायनसला. चावी ऑन असेपर्यंत बल्ब पेटलेला राहिला पाहिजे. आता गाडी चालवा रोजच्यासारखी. ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी चावी ऑनच ठेवायची आणि पहिली नजर बल्बवर टाकायची. बल्ब विझलाय आणि डॅशवरचे बॅटरी-ऑइलचे दिवे पण गेलेत, तर चावीचा स्विच किंवा मेन सप्लाय. बल्ब विझलाय पण डॅशचे दिवे आहेत, तर तिथून सोलेनॉइडपर्यंतची वायर, फ्यूज किंवा रिले. बल्ब झकास पेटलाय, तर करंट सोलेनॉइडच्या दारापर्यंत पोचतोय. (काही गाड्यांत उलटं असतं, करंट दिला की इंजिन बंद होतं. तुमची कुठली आहे ते बल्ब लावायच्या आधी वायरमनकडून बघून घ्या, नाहीतर अर्थ उलटा लागेल.)

बल्ब पेटलेला असेल तर खाली उतरा, पण त्याआधी हँडब्रेक, पहिला गिअर आणि चाकामागे मोठा दगड किंवा लाकडाचा ठोकळा, हे मी मुद्दाम सांगतोय कारण इंजिन बंद झालं की ब्रेकचा व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो आणि मग पेडल दगडासारखं घट्ट होतं. फोंड्याच्या वळणावर भरलेली गाडी मागे सरकायला लागली तर सावरायला जागा नसते. ठोकळा गाडीत कायम ठेवा आणि क्लीनरला बंद पडल्या पडल्या पहिलं तेच करायला शिकवा. मागून येणाऱ्यांसाठी लाल त्रिकोण थोडा लांब, वळणाच्या अलीकडे.

मग टाकीचं झाकण हळू उघडा आणि कान द्या. सूं करून हवा आत खेचली गेली आणि लगेच गाडी चालू झाली तर श्वास बुजलाय, दुसरं काही शोधू नका. आवाज नाही आला तर फिल्टरजवळचा हातपंप दाबून बघा. दोन-चार दाबांत कडक झाला तर डिझेल आहे. खूप वेळ मऊच लागतोय तर लाइनमध्ये एअर आहे. दाबला आणि आतच राहिला, वर यायला वेळ लावतोय, तर मागच्या बाजूला, म्हणजे टाकीकडे, काहीतरी चोक आहे. हातपंप कडक, बल्ब पेटलेला आणि तरीही चालू होत नाही, तर सोलेनॉइडला कान लावून कोणालातरी चावी ऑन-ऑफ करायला सांगा. टक असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर सोलेनॉइड गेला. हे तिथल्या तिथे, गरम असतानाच बघायचं, अर्ध्या तासाने बघितलंत तर तो टक करणारच.

आता तुमच्या गाडीबद्दल एक वेगळी गोष्ट, जी घाटावरच्या मिस्त्रीच्या सहसा लक्षात येत नाही. तुम्ही मासळी मारता. क्रेटमधून बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून चॅसीवर गळतंय, आणि त्यात आपली खारी हवा, आणि पावसाळ्यात धो धो पाऊस. टाकीपासून इंजिनपर्यंत जाणारा लोखंडी डिझेलचा पाइप चॅसीच्या आतल्या बाजूने क्लिपांनी बांधलेला असतो, आणि त्या क्लिपांच्या मागे बरोबर खारं पाणी साठतं. तिथे सुईएवढं भोक पडतं. लोक म्हणतात पाइप चांगला आहे, कुठे डिझेल गळत नाही. अहो, टाकी ते फीड पंप ही खेचणारी लाइन आहे, चालू गाडीत तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. वरून कोरडा दिसणारा पाइप सगळ्यात जास्त फसवतो. प्रत्येक क्लिप सोडवून मागे बोट फिरवून बघा, रबरी नळ्या वाकवून बघा चिरा आहेत का, आणि जिथे जिथे बँजो बोल्ट (मधून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) आहे तिथले तांब्याचे वायसर नवीन टाका, जुने परत लावू नका. एअर खात्रीने बघायची असेल तर फिल्टर आणि पंपाच्या मधली नळी काढून तात्पुरती डिझेल सहन करणारी पारदर्शक नळी लावा. एअर घेत असेल तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. काम झालं की ती नळी काढून टाकायची, कायम ठेवायची नाही.

तेच खारं पाणी इंजिन ते चॅसीच्या अर्थ वायरला पण खातं. वरून वेणी शाबूत दिसते पण बोल्टखाली नुसता गंज असतो. मल्टिमीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं इंजिनच्या साफ लोखंडावर, आणि कोणालातरी सेल मारायला सांगा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब आहे, ०.२-०.३ पर्यंत चालतं. खराब असेल तर वायर काढून दोन्हीकडचं लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. आधी ग्रीस लावून मग बोल्ट आवळू नका.

तरी सापडलं नाही आणि संशय टाकीवरच राहिला तर शेवटचा उपाय म्हणजे टाकीला बाजूला काढून बघायचं. मिस्त्रीला बरोबर घेऊन हौद्यात पाच-दहा लिटरचा चांगला घट्ट बांधलेला डिझेलचा कॅन ठेवा, त्यातून नळी सरळ फीड पंपाला आणि रिटर्नची नळी पण त्याच कॅनमध्ये, आणि गाडी घाटाला न्या. केबिनमध्ये कॅन ठेवायचा नाही, नळी सायलेन्सरच्या जवळून न्यायची नाही. माल रिकामा असेल तर चढण लागत नाही म्हणून वाळूच्या गोणी टाका. दाजीपूरपर्यंत विनातक्रार चढली तर बिघाड टाकीत नाहीतर टाकीच्या लाइनमध्ये आहे, मग टाकी उतरवा, धुवा, जाळी साफ करा आणि हवेने पाइप उडवा. पण हे करताना एका फेरीवर निकाल लावू नका, तुमचा बिघाड आठ-दहा दिवस लपतो हे तुम्हीच लिहिलंय.

आणि फिल्टरच्या खालचा ड्रेन सोडून अर्धा ग्लास काचेच्या बाटलीत काढा, तासभर ठेवा. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं, लगेच दिसेल. काळा बुळबुळीत थर दिसला तर टाकीत पाण्यावर शेवाळासारखी घाण वाढलीय, फिल्टर कितीही बदला, ती परत येत राहणार, टाकी धुवावीच लागेल. पावसाळ्यात रात्रीची टाकी होईल तेवढी भरून ठेवा, रिकाम्या टाकीच्या आतल्या पत्र्यावर रात्री दव धरतं.

बल्ब लावल्यावर गाडी जेव्हा पडेल तेव्हा बल्ब काय करत होता आणि हातपंप कसा लागला, एवढं दोन ओळींत कळवा. पेट्यांच्या आधी वेळ आहे अजून, तुमच्या पत्राला मी लगेच उत्तर देईन.

प्रश्न: जुलै २०२१ च्या पुरात आमची जुनी पिकअप बाजारपेठेत पाण्याखाली गेली होती. तेव्हा ऑइल, फिल्टर, गिअरबॉक्सचं ऑइल सगळं बदललं, सेल्फ-डायनामो भरून घेतले. पण तेव्हापासून दर पावसाळ्यात कधी इंडिकेटर मरतो, कधी मीटर बंद, कधी गाडी चालता चालता मिसिंग करते आणि ऊन पडलं की सगळं नीट. किती वायरमन केले, प्रत्येकजण एक वायर जोडून देतो. वायरिंग पूर्ण बदलू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: वाशिष्ठीच्या त्या पुरात गेलेल्या गाड्यांचं हे दुखणं अजून चालू आहे, आणि तुमच्यासारख्या कितीतरी जणांचे पैसे थोडे थोडे करून यात गेले याचं मला खरंच वाईट वाटतं. पुराचं पाणी म्हणजे चिखल होता तो. कनेक्टरच्या आत तो बसला, वाळला आणि पितळी पिनांवर हिरवा गंज धरला. उन्हाळ्यात तो कोरडा असतो तोवर निभतं, हवेत ओल आली की करंट इकडचा तिकडे जायला लागतो. वरून नवीन वायर जोडली की एक रस्ता सुधारतो, बाकीचे तसेच राहतात.

पूर्ण वायरिंग आत्ता नको. आधी डॅशखालचा फ्यूज बॉक्स पूर्ण उतरवून मागून बघा, आणि चॅसीवर, दिव्यांच्या मागे, इंजिनजवळ जिथे जिथे कनेक्टर आहे तो प्रत्येक उघडा. बॅटरीची मायनस वायर काढून ठेवूनच. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बारीक ब्रशने घासा, वाळू द्या. पिन हिरवी होऊन कुरतडली असेल तर साफ करत बसू नका, बदला. वायरच्या टोकाचं प्लास्टिक इंचभर सोलून बघा, आतली तांब्याची तार काळी पडली असेल तर तेवढी वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. काळी तार दोन-तीन फूट आतपर्यंत गेली असेल तर मग त्या भागाची लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, बदला, ते पण फक्त त्या भागाची. सगळे अर्थचे बोल्ट वरच्या उत्तरात सांगितलंय तसे साफ करा, मीटर आणि इंडिकेटर एकाच वेळी मरत असतील तर मी आधी अर्थच बघेन. मिसिंग करते तेव्हा मीटर पण बंद असतं का हे तुम्ही लिहिलं नाही. दोन्ही एकत्र होत असेल तर मिसिंगसाठी नोझल उघडू नका, फ्यूज बॉक्स हातात घ्या.

प्रश्न: माझी पिकअप कॉमन रेलची आहे. आंबा घाट चढताना इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गाडी ओढत नाही, बंद करून चालू केली की दिवा जातो आणि गाडी नीट. एकाने सांगितलं बॅटरीची केबल दहा मिनिटं काढून ठेव, सगळं रिसेट होतं. करू का?
— एक वाचक, साखरपा

उत्तर: केबल काढू नका. दिवा लागला तेव्हा काय बिघडलं होतं ते गाडीच्या ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, कोड म्हणून लिहून राहिलेलं असतं, कित्येक गाड्यांत त्या क्षणाचे आरपीएम, टेंपरेचर वगैरे पण साठवलेलं असतं. केबल काढलीत तर बऱ्याचदा तेच पुसून जातं आणि आपल्या हातात काही राहत नाही. दिवा गेला असला तरी साठवलेला कोड वाचता येतो, स्कॅनर असलेल्याकडे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जा आणि कोडचा फोटो काढून घ्या.

चढावर, लोडवर, असं होतं म्हणजे रेलमध्ये (सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत) प्रेशर कमी पडत असण्याची शक्यता जास्त, आणि त्याचं सगळ्यात स्वस्त कारण म्हणजे चोक झालेला डिझेल फिल्टर किंवा टाकीची जाळी, तिथून सुरुवात करा. टर्बोच्या रबरी पाइपला चीर असली तरी चढावरच कळतं, कारण बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून दिलेली हवा, तिथेच लागतो. गरम झाल्यावर क्रँक सेन्सर सिग्नल सोडतो तेव्हा मात्र गाडी ओढायची कमी होत नाही, सरळ बंद पडते, म्हणून तुमच्या बाबतीत मी तो मागे ठेवेन.

एक कळकळीने सांगतो. वरच्या देवगडच्या पत्रासाठी जे नळ्या सोडून, पारदर्शक नळी लावून बघायला सांगितलं, ते तुमच्या गाडीच्या रेलच्या बाजूला अजिबात करायचं नाही. तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं, चालू इंजिनवर नट सैल केला तर डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते पण बोट कापायची वेळ येते, आणि असं कधी झालंच तर दुखत नाही म्हणून थांबू नका, त्याच मिनिटाला मोठ्या हॉस्पिटलला जा आणि हाय प्रेशर डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना शब्दशः सांगा.